‘द्या समजून’ म्हणू नका

समजा, जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलची मोटर रोज दुपारी ट्रिप होते आहे. तीन दिवसांत दोन वायरमन येऊन गेले. एकाने स्टार्टर बदलला, दुसऱ्याने मोटर उतरवून रिवाइंडिंगला पाठवायला सांगितलं. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून भुसावळहून एका काकांना बोलावलं. इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांनी पॅनेल उघडलं, तिन्ही फेजचा करंट मोजला, एका फेजच्या जोडावर बोट ठेवून तापून काळा पडलेला लग दाखवला. वायर मागे कापली, नवा लग दाबून बसवला, बाकीचे जोड आवळले. पंचवीस मिनिटांत मिल सुरू.

मालकाने विचारलं, “काका, किती झाले?”

काका म्हणाले, “द्या समजून.”

मालकाने समजून पाचशे दिले. काकांनी ते कपाळाला लावून खिशात ठेवले आणि भुसावळच्या गाडीत बसले.

या व्यवहारात कुणी कुणाला फसवलं नाही. मालकाने पंचवीस मिनिटं पाहिली आणि त्या मानाने पाचशे त्याला बरे वाटले. चूक त्या दोन शब्दांत झाली. ‘द्या समजून’ म्हटलं की भाव ठरवायचं काम आपण समोरच्यावर टाकतो, आणि समोरच्याला दिसतं ते फक्त घड्याळ. कामामागची तीस वर्षं त्याला दिसत नाहीत. ती दाखवणं आणि त्यांचा भाव सांगणं हे आपलंच काम आहे. हा लेख त्यासाठी आहे. वकील, आर्किटेक्ट, अकाउंटंट, केळी सल्लागार, यंत्रदुरुस्ती करणारे, क्लास चालवणारे, डिझाइन करणारे, जे कुणी स्वतःचं ज्ञान विकून पोट भरतात, त्या सगळ्यांसाठी.

भुसावळची सवय

आपलं गाव घड्याळावर चालतं. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, लोको शेड, झेडटीएस हे रेल्वेचं प्रशिक्षण केंद्र, आयुध निर्माणी, शेजारी वरणगावची निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र. घरटी कुणीतरी शिफ्टमध्ये राबलेलं आहे. हजेरी, ड्यूटी, ओव्हरटाइम हे शब्द आपल्याकडे लहान मुलांनाही कळतात. त्यामुळे वेळ दिला की पैसे मिळतात, जास्त वेळ दिला की जास्त मिळतात, हे गणित आपल्या हाडात मुरलं आहे. साठाव्या वर्षी निवृत्त झालेला कसबी माणूस स्वतःचं काम सुरू करतो, तेव्हा हेच गणित सोबत आणतो. त्याची मुलगी आर्किटेक्ट होते, तीही तेच वापरते.

नोकरीत हे गणित बरोबर असतं. तिथे हत्यारं, जागा, शिकणं, सुट्टी, आजारपण, म्हातारपण हे सगळं मालक सांभाळतो. स्वतःच्या धंद्यात हा सगळा भार आपल्या शिरावर येतो, आणि भाव मात्र आपण हजेरीचाच सांगत राहतो.

शिवाय तासाच्या भावात एक मोठा अन्याय दडलेला आहे. नवशिका तेच काम तीन दिवस करतो आणि तीन दिवसांचे घेतो. जाणकार पंचवीस मिनिटांत करतो आणि पंचवीस मिनिटांचे घेतो. म्हणजे जितकं शिकाल तितकं कमी मिळेल. असा भाव लावणारा माणूस हळूहळू दोन वाटांपैकी एक धरतो. एक तर उगीच काम लांबवतो, नाहीतर कंटाळून धंदा सोडतो. दोन्हींत गिऱ्हाइकाचंही नुकसानच आहे.

हा विचार आपल्याला नवा नाही

कसबाचा भाव वेगळा मोजायचा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. जळगावच्या सराफ बाजारात जा. सोन्याचा दिवसाचा भाव सगळ्या पेढ्यांवर जवळपास सारखा. फरक पडतो तो घडणावळीत. साध्या पाटलीची घडणावळ आणि नाजूक नक्षीच्या हाराची घडणावळ एक नसते, आणि कारागीर किती तास बसला होता हे कुणी विचारत नाही. हात कुणाचा आहे, ते विचारतात.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभराचा शेतमजूर) ठरतो, तो पुढच्या आखाजीपर्यंत. तिथे तास मोजत नाहीत, वर्षाची जबाबदारी ठरते. रेल्वेतही इंजिन चालवणाऱ्या रनिंग स्टाफला पगारावर किलोमीटरच्या हिशेबाने भत्ता मिळतो, म्हणजे गाडी किती पुढे नेली त्याचा. डॉक्टर दोन मिनिटं नाडी बघून फी घेतात, तेव्हा आपण मिनिटं मोजत नाही.

जुन्या गावगाड्यात बलुतेदाराला सुगीच्या वेळी वर्षाचं धान्य मिळायचं. सुताराने नांगर किती वेळात दुरुस्त केला, याला महत्त्व नव्हतं. पण त्या पद्धतीत एक दुखणं होतं. भाव सांगायचा हक्क बलुतेदाराला नव्हता. गाव देईल ते घ्यायचं आणि त्यात जातीची उतरंड पक्की बसवलेली. ‘द्या समजून’मध्ये त्या लाचारीचा एक धागा अजून शिल्लक आहे, असं मला वाटतं. म्हणून ते दोन शब्द मला इतके खुपतात.

आधी तळाचा आकडा काढा

ज्ञानाचा भाव लावायचा म्हणजे मनाला येईल तो आकडा सांगायचा, असं नाही. पहिली पायरी वहीत होते. ज्याच्या खाली गेलं की घरातून पैसे घालावे लागतात, तो तळाचा आकडा काढा.

वर्षाचे 365 दिवस घ्या. 52 रविवार वजा करा. सणवारांचे 20 आणि आजारपण, लग्नकार्य, सुतकाचे 15 वजा करा. उरले 278. यातले जवळपास निम्मे दिवस प्रवासात, कोटेशन करण्यात, वसुलीच्या फेऱ्यांत, नवं शिकण्यात जातात. प्रत्यक्ष ज्याचे पैसे मिळतात असे दिवस उरतात साधारण 140.

आता खर्च. समजा घर चालवायला वर्षाला 6,00,000 लागतात. ऑफिसचं भाडं, गाडी, फोन, उपकरणं, विमा मिळून 1,80,000. म्हातारपणासाठी बाजूला 60,000. एकूण 8,40,000. याला 140 ने भागलं की येतात दिवसाचे 6,000. हा तळ. जो माणूस दिवसाचे पंधराशे घेतो आणि वर्षाअखेर हातात काही उरत नाही म्हणून नशिबाला बोल लावतो, त्याने ही बेरीज एकदा करून बघावी. आकडे तुमचे टाका, रीत हीच ठेवा.

इथे निवृत्त मंडळींना एक विनंती. “मला काय, पेन्शन आहे” म्हणून भाव पाडू नका. तुमचा भाव बघून गिऱ्हाईक त्याच कामासाठी आयटीआय झालेल्या पोराशी घासाघीस करतं. त्या पोराला पेन्शन नाही. पूर्ण फी घ्या, आणि वाटलं तर त्यातले पैसे एखाद्या पोराला हाताखाली घेऊन शिकवण्यावर खर्च करा. कसब पुढे जाईल आणि भावही टिकेल.

समोरच्याचं काय पणाला लागलंय, ते विचारा

तळ कळला. आता छत शोधायचं. ते गिऱ्हाइकाच्या अडचणीत असतं. भाव सांगण्याआधी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

हे काम झालं नाही तर दिवसाला, महिन्याला, हंगामाला किती नुकसान होईल? याआधी कुणी प्रयत्न केला, त्यात किती खर्च झाला? काम नीट झालं हे तुम्ही कशावरून ठरवाल? कधीपर्यंत हवं? आणि निर्णय कोण घेणार, तुम्ही की घरातलं आणखी कुणी?

केळीचं उदाहरण घेऊ, कारण भुसावळ-यावल-रावेरच्या पट्ट्यात ते सगळ्यांना लगेच पटेल. सहा बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी साधारण 1,450 झाडं बसतात. पाच एकरांत 7,250. काही वर्षं आपल्याकडे कुकुंबर मोझॅक विषाणूने शेतकऱ्यांना रडवलं आहे. त्यावर फवारून बरं करणारं औषध नाही. रोगट झाड लवकर ओळखून उपटायचं, नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक घ्यायचं नाही आणि तण वाढू द्यायचं नाही, हाच इलाज. म्हणजे सगळं मोल वेळेत ओळखण्याला आहे.

समजा ओळखायला उशीर झाला आणि दहा टक्के झाडं हातची गेली. 725 झाडं, प्रत्येकी 20 किलोचा घड धरला तर 145 क्विंटल. क्विंटलला 1,200 रुपये धरले तर 1,74,000 रुपये. केळीचा भाव वर्षभर खाली-वर होतो, म्हणून धरायचा भाव शेतकऱ्यालाच विचारा. त्याच्या तोंडून आलेला आकडा त्याला पटतो.

आता सल्लागाराचा तळ. लागवडीनंतरच्या नाजूक महिन्यांत तीन फेऱ्या. एका दिवसात त्याच शिवारातल्या तीन बागा होत असतील, तर या एका बागेला तीन फेऱ्या मिळून एक दिवस गेला. फोटो बघून फोनवर सांगण्याला अर्धा दिवस. दीड दिवसाचे तळाचे 9,000. पणाला लागलेत 1,74,000. त्याचा दहावा हिस्सा 17,400. या दोहोंच्या मधे 15,000 ही हंगामाची फी दोन्ही बाजूंना न्याय देणारी आहे. फेरीला पाचशे घेणारा सल्लागार तीन फेऱ्यांचे पंधराशे घेऊन घरी जातो, आणि पेट्रोलचे पैसे सुटले नाहीत की चौथा फोन उचलत नाही. शेतकऱ्याचं खरं नुकसान तिथे होतं.

दहावा हिस्सा हे सुरुवातीचं मोजमाप आहे. अनुभवाने तुमचं तुम्हाला कळेल. तळाच्या आकड्यापेक्षा छत खाली येत असेल, तर ते काम तुमच्यासाठी नाही. नम्रपणे दुसऱ्याचं नाव सुचवा.

एक भाव सांगू नका, तीन सांगा

एकच आकडा सांगितला की गिऱ्हाईक ‘हो की नाही’ असा विचार करतं. तीन सांगितले की ‘यातलं कुठलं’ असा करतं. डाळ मिलच्या काकांना निघण्याआधी फोनवर असं सांगता आलं असतं:

पहिला पर्याय, फक्त निदान. येऊन तपासणी, दोष कुठे आहे ते लेखी. 3,000 रुपये.

दुसरा, निदान आणि दुरुस्ती. तोच दोष 30 दिवसांत पुन्हा आला तर परत येण्याचे पैसे नाहीत. 6,500 रुपये, सामान वेगळं.

तिसरा, वर्षाचा करार. दर तीन महिन्यांनी सगळ्या पॅनेलची तपासणी, बिघाड झाला तर चोवीस तासांत हजर. 30,000 रुपये.

मिल बंद राहून मालकाचे दिवसाला पंधरा हजार जात असतील, तर दुसरा पर्याय त्याला अर्ध्या दिवसात वसूल होतो. यात महत्त्वाचा शब्द आहे ‘30 दिवसांत’. तुम्ही तास विकत नाही म्हणजे जबाबदारी विकता. जबाबदारी न घेता मोठी फी मागणं ही निव्वळ लूट. भाव वाढवायचा असेल तर हमी आधी वाढवा.

आधी बोला, मग लिहून द्या

काम झाल्यावर मोलभाव करू नये. घसा दुखत असताना औषधाची किंमत जितकी असते, तितकी बरं झाल्यावर राहत नाही. म्हणून आकडा आधी, तोंडाने, स्पष्ट सांगा. सांगून झालं की थांबा. “जास्त वाटत असतील तर बघू” हे वाक्य स्वतःहून जोडू नका.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पाच गोष्टी लिहून पाठवा. काय करणार, काय करणार नाही, किती दिवसांत, फी किती व कधी (निम्मी आगाऊ, निम्मी काम संपल्यावर), आणि हा भाव किती दिवस राहील. ‘काय करणार नाही’ हे विसरू नका. घराचा नकाशा करून देणाऱ्या आर्किटेक्टला नंतर नगरपालिकेच्या चकरा फुकटात माराव्या लागतात, त्या याच ओळीअभावी.

“काय भो, अर्ध्या तासाचं काम आणि एवढे?” हा प्रश्न येणारच. रागावू नका. शांतपणे म्हणा, “भाऊ, अर्ध्या तासात झालं म्हणून तुमची मिल आज चालू आहे. तीन दिवस लावले असते तर माझे पैसे तेवढेच असते, तुमचे तीन दिवस गेले असते.” तरीही कमी करायचा आग्रह झाला तर आकड्याबरोबर कामही कमी करा. “तीन हजारांत निदान करून देतो, दुरुस्ती तुमच्या वायरमनकडून करून घ्या.” काम तेच ठेवून आकडा खाली आणला, तर पहिला आकडा खोटा होता असा अर्थ निघतो.

घरचा माणूस आणि फोनवरचा सल्ला

लहान गावात प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा असतो. नात्यातल्या माणसाला सवलत द्या, अवश्य द्या, पण बिलावर दाखवून द्या. पूर्ण फी 6,500, सवलत 2,500, देय 4,000. यामुळे दोन गोष्टी होतात. त्याला तुमचं प्रेम आकड्यात दिसतं. आणि तो दुसऱ्याला सांगताना ‘चार हजार घेतो’ असं न सांगता ‘मला सवलत दिली’ असं सांगतो.

फोनवरच्या सल्ल्यालाही कुंपण घाला. पहिली दहा मिनिटं मोकळी ठेवा, ती ओळखीची. त्यानंतर “हे बघावं लागेल, माझी सल्ल्याची फी इतकी आहे” असं सांगा. ज्याला खरंच पैसे नाहीत, त्याच्यासाठी महिन्यातले एक-दोन दिवस राखून ठेवा आणि ते काम पूर्ण मोफत, पण तितक्याच नेटाने करा. अर्धवट पैशांत अर्धवट मनाने केलेलं काम कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

जुन्या गिऱ्हाइकांचा भाव एका रात्रीत दुप्पट करू नका. नव्यांना नवा भाव आजपासून. जुन्यांना दोन महिने आधी कळवा की आखाजीपासून किंवा 1 एप्रिलपासून अमुक फी राहील, आणि त्यात त्यांना जास्तीचं काय मिळेल तेही सांगा. काही सोडून जातील. ज्यांना फक्त स्वस्त हवं होतं, त्यांच्या जाण्याने तुमचे दिवस मोकळे होतात.

कुठे सांभाळायचं

प्रत्येक काम या पद्धतीत बसत नाही. कामाची व्याप्तीच माहीत नसेल, जसं जुन्या इमारतीची दुरुस्ती किंवा वर्षानुवर्षं चालणारा दावा, तर टप्प्यांनी किंवा भेटीनुसार फी घेणं दोघांनाही बरं.

काही व्यवसायांना नियमांची चौकट आहे. वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत तशी मनाई आहे. चार्टर्ड अकाउंटंटलाही काही ठरावीक अपवाद सोडले तर नफ्याच्या टक्केवारीवर फी घेता येत नाही. पण दोघांनाही कामाची गुंतागुंत आणि स्वतःचा अनुभव पाहून आधीच एकरकमी फी ठरवता येते. आर्किटेक्टकडे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं दरपत्रक असतं. ते बहुतांश बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणात असतं, तासांवर नसतं.

आणि अडलेल्याला नाडू नका. रात्री दोन वाजता दवाखान्याचा जनरेटर बंद पडला, म्हणून दसपट मागणं हा ज्ञानाचा भाव नव्हे. तातडीची फी असेल तर ती आधीपासून ठरलेली आणि सगळ्यांना सारखी हवी.

फी वाढली की कागदही नीट लागतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. बहुतेक व्यावसायिक सेवांवर तो 18 टक्के आहे. म्हणून कोटेशनवर ‘जीएसटी वेगळा’ की ‘जीएसटीसह’ हे लिहा, नाहीतर ती रक्कम तुमच्या फीमधून जाते. कंपन्या व्यावसायिक फी देताना ठरावीक मर्यादेवर 10 टक्के टीडीएस कापतात. तो तुमचाच कर आहे, विवरणपत्र भरून हिशेबात घ्या.

उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावं, असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागता येतं. हे बिलाच्या तळाशी एका ओळीत छापलं, तरी वसुलीच्या फेऱ्या कमी होतात.

या आठवड्यात एवढं करा

आज रात्री वही काढून तुमचा तळाचा आकडा काढा. गेल्या वर्षातली पाच कामं लिहा आणि प्रत्येकासमोर तुम्ही घेतलेली फी व गिऱ्हाइकाचे वाचलेले पैसे मांडा. त्या दोन रकान्यांतलं अंतर बघून पहिल्यांदा वाईट वाटेल, पण पुढचा भाव सांगायचं धैर्यही त्यातूनच येईल. मग पुढच्या नव्या कामासाठी तीन पर्याय लिहून पाठवा.

भुसावळच्या शेडमध्ये, निर्माणीत, बागांत आणि कोर्टाच्या आवारात जमलेलं ज्ञान ही या गावाची खरी पुंजी आहे. तिला योग्य भाव मिळाला तर आपली पोरं ते शिकायला इथे थांबतील. नाही मिळाला तर पुण्याची गाडी पकडतील. पुढच्या वेळी कुणी विचारलं, “काका, किती झाले?” किंवा “मॅडम, तुमचं काय द्यायचं?”, तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघा आणि आकडा सांगा.